शून्य कोणी लिहिलं?

४ मार्च

खारू,

पाकीट बघून दचकू नकोस, आपल्या घरातलं कोणी गेलेलं नाही. दोनदा फोन लावला, दोन्ही वेळा तू "मीटिंगमध्ये आहे मावशी" म्हणालीस. ईमेल करायला माझं मन घेत नाही. का, ते पुढे वाचशील तेव्हा कळेलच.

एकतीस वर्षं मी लॅबमध्ये लोकांची थुंकी, लघवी, शौच आणि पू बघते आहे. डबीचं झाकण उघडायचं, काडी बुडवायची, काचेवर पसरायचं आणि मायक्रोस्कोपला डोळा लावायचा. कधी नाक मुरडलं नाही. तुझी आई म्हणायची, हिला शिसारी म्हणून काही देवाने दिलीच नाही. दिली होती ग. राखून ठेवली होती बहुतेक. गेल्या पंधरा दिवसांत सगळी एकदम बाहेर आली.

झालं असं. सतरा फेब्रुवारीला दुपारी एका गवंड्याचं रक्त आलं. वय चौतीस, तीन दिवस ताप. मशीनने मोजलेले आकडे फारसे वाईट नव्हते. मी स्लाइड लावली आणि पहिल्याच फेरीत मलेरियाचे जंतू दिसले. घातक जातीचे, आणि भरपूर. मी तीन फोटो काढून रिपोर्टला जोडले आणि खाली शेरा लिहिला : "घातक मलेरिया. आजच्या आज उपचार सुरू करावेत." पूर्वी असं काही दिसलं की मी डॉक्टरांना सरळ फोन करायची. दोन वर्षांपूर्वी आमच्या प्रमुखांनी ते बंद केलं. "रिपोर्ट मिनिटात त्यांच्या स्क्रीनवर जातो बाई, फोनवर वेळ घालवू नका." हा प्रमुख म्हणजे इस्त्री. सगळी लॅब त्याला इस्त्रीच म्हणते. त्याच्या कोटावर आजवर एक थेंब पडलेला कोणी पाहिला नाही, कारण तो टेबलाजवळ येतच नाही.

वीस तारखेला गवंडी गेला. डॉक्टरांकडे पोचलेल्या रिपोर्टात नाव होतं, वय होतं, आकड्यांचा तक्ता होता. खाली काही नाही. फोटो नाहीत, शेरा नाही. त्यांनी साधा ताप समजून गोळ्या दिल्या होत्या.

मला एकविसाला कळलं. धावत जाऊन आमच्या कॉम्प्युटरवर नोंद उघडली, तर शेरा जिथल्या तिथे! घाईत बंद करताना सवयीने 'सेव्ह' दाबलं गेलं. आता त्या नोंदीवर वेळ दिसते एकवीस फेब्रुवारीची. इस्त्री म्हणतो, माणूस मेल्यावर बाईंनी शेरा लिहिला.

मला सक्तीच्या रजेवर पाठवलंय. एक कागद पुढे केलाय : "माझ्या नजरचुकीने शेरा लिहावयाचा राहून गेला." सही केली तर प्रकरण इथेच मिटेल म्हणे. नाही केली तर चौकशी समिती. "सहकार्य करा," असं म्हणून त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. जे एकतीस वर्षांच्या डब्यांनी झालं नाही ते त्या स्वच्छ, कोरड्या हाताने झालं. घरी येऊन मी ब्लाउज धुवायला टाकला.

आमचे रिपोर्ट डॉक्टरांकडे तुमच्या कंपनीच्या यंत्रातून जातात, हे तूच मला कौतुकाने सांगितलं होतंस. एवढंच विचारते : पान वाटेत अर्धं होऊ शकतं का?

तुझी मावशी

९ मार्च

मावशी,

फोनबद्दल कान पकडते. पत्र वाचून फार वाईट वाटलं. त्या इस्त्रीला एकदा तापवलं पाहिजे.

तुझ्या प्रश्नाचं सरळ उत्तर : नाही, होऊ शकत नाही. का नाही ते समजावून सांगते, म्हणजे तुझ्या डोक्यातला हा किडा निघेल.

तुमच्या लॅबचा सर्व्हर रिपोर्टचं पान एकदम पाठवत नाही. पान अजून तयार होत असतं, एकूण किती मोठं होईल ते त्यालाच ठाऊक नसतं. म्हणून तो तुकडे पाठवतो. प्रत्येक तुकड्याआधी आकडा, की आता एवढी अक्षरं येताहेत. मग तेवढी अक्षरं. पुन्हा आकडा, पुन्हा अक्षरं. आणि सगळं संपलं की शेवटी नुसतं शून्य. शून्य याचा अर्थ : मी संपलो, आता काही यायचं नाही. शून्य आलं तरच पान पुरं. शून्य येण्याआधीच जोडणी तुटली तर डॉक्टरांच्या स्क्रीनवर लाल पट्टी येते, 'रिपोर्ट अपूर्ण आहे'. मग ते पुन्हा मागवतात.

आमचं यंत्र, ज्याला प्रॉक्सी म्हणतात, ते या दोघांच्या मधे बसतं. इकडून तुकडे घ्यायचे, तपासायचे, तिकडे द्यायचे. तुकडे नव्या मापाने कापायची त्याला मुभा आहे, पण मजकुरातलं एक अक्षर इकडचं तिकडे करायची नाही.

आमच्या साहेबांनाही विचारलं. त्यांना मी मनातल्या मनात गुळगुळीत म्हणते, कारण त्यांच्यावर कुठलीच गोष्ट टिकत नाही, घसरून दुसऱ्याच्या अंगावर जाते. पण या बाबतीत ते बरोबर आहेत. पूर्वी लाल पट्टीच्या तक्रारी रोज यायच्या, त्या आम्ही बंद केल्या. गेल्या तीन वर्षांत एकही नाही. एकसुद्धा नाही मावशी!

राग मानू नकोस, पण दिवसाला शंभर स्लाइड बघणाऱ्या माणसाकडून एखादा शेरा राहू शकतो. आपण लिहिलं असं मनाला पक्कं वाटत राहतं. माझंही होतं. तुझ्या चष्म्याचा नंबर शेवटचा कधी तपासलास? त्या नोंदीवरची वेळही तुझ्या विरुद्ध आहे. करून टाक सही. वर्षभरात निवृत्तच होणार आहेस. उगाच जिवाला त्रास कशाला.

तुझी खारू

१४ मार्च

खारू,

चष्मा जानेवारीत तपासला. नंबर बदललेला नाही.

तुझं पत्र मी उभ्याने वाचलं आणि उभीच राहिले. इस्त्री मला खोटारडी म्हणाला तेव्हा मला किळस आली होती, पण आश्चर्य वाटलं नव्हतं. तू तेच म्हणालीस, वर साखर पेरून. त्याची जास्त आली.

परवा त्या गवंड्याची बायको घरी आली होती. कोणाकडून पत्ता मिळवला कोण जाणे. खुर्चीच्या अगदी कडेवर बसली, पाणी घेतलं नाही. म्हणाली, "रक्त तुम्हीच बघता का?"

मी म्हटलं, "हो."

"मग तुम्हाला दिसलं नाही?"

"दिसलं होतं."

"दिसलं होतं, तर मग सांगितलं का नाहीत?"

तिला काय सांगायचं होतं, तुझे तुकडे आणि तुझं शून्य? ती उठून गेली. जाताना दार हळूच लावून घेतलं तिने. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

आता ऐक. तुझं पत्र मी चार वेळा वाचलंय आणि एका वाक्यावर चारही वेळा अडखळले. लाल पट्टीच्या तक्रारी रोज यायच्या, त्या "आम्ही बंद केल्या". माझ्या टेबलावर रोज दहा नमुन्यांत दोष निघत असेल आणि एका सकाळपासून एकातही निघेनासा झाला, तर मी पेढे वाटत नाही. मी आधी रंग तपासते, मग मायक्रोस्कोपची काच तपासते. कारण लोक एका दिवसात बरे होत नाहीत, माझं बघणं बिघडलेलं असतं. तुमच्याकडे जोडण्या रोज तुटत होत्या. तीन वर्षं एकही तुटली नाही?

तक्रारी बंद केल्या म्हणजे नेमकं काय केलंत? कोणी केलं? हे विचार तुझ्या गुळगुळीताला. सही मी करणार नाही.

मावशी

२५ मार्च

मावशी,

सही करू नकोस. मी बघते आहे. अजून नक्की काही नाही. एवढ्यात मला काही विचारू नकोस.

खारू

३ एप्रिल

खारू,

तीन ओळींचं पत्र तू आजवर मला कधी लिहिलेलं नाहीस. शाळेच्या सहलीहूनसुद्धा चार पानं पाठवायचीस. त्या तीन ओळींत माझी माफीही मागितली नाहीस आणि माझं चुकलं असंही पुन्हा म्हणाली नाहीस. म्हणजे तुला काहीतरी सापडलंय.

समिती वीस तारखेला बसते आहे. काल माझं कपाट रिकामं करायला लॅबमध्ये गेले होते. ते आधीच रिकामं केलेलं होतं. माझे एप्रन, माझी वही, स्लाइड पुसायचं फडकं, सगळं एका खोक्यात घालून जिन्याखाली ठेवलेलं, कचऱ्याच्या पिशव्यांच्या शेजारी. एकानेही नजरेला नजर दिली नाही. ज्या पोरींना मी काच धरायला शिकवलं त्या कॉम्प्युटरमध्ये डोकं घालून बसल्या. फक्त रक्त काढणारी पोरगी, जिला आम्ही सुई म्हणतो, ती बाहेर आली आणि खोकं उचलू लागली.

जे असेल ते सांग. घाण बघायची मला सवय आहे, झाकलेली मात्र सहन होत नाही.

मावशी

११ एप्रिल

मावशी,

सगळं सांगते. आधी सगळ्यात वाईट ते सांगते, नाहीतर पुढचं लिहायचा धीर होणार नाही.

ते मी केलं.

तीन वर्षांपूर्वी लाल पट्ट्यांचा कहर झाला होता. गुळगुळीत म्हणाले, "लोकांना लाल काही दिसता कामा नये. बघ काय करता येतं." मी बघितलं. लॅबचा सर्व्हर दहा सेकंद गप्प बसला की आमची प्रॉक्सी कंटाळून जोडणी सोडून देत होती. शून्य आलेलं नसायचं, म्हणून पलीकडे लाल पट्टी. मी यंत्राच्या प्रोग्राममध्ये अकरा ओळी लिहिल्या. समोरचा मधेच गप्प झाला, तर आपणच शेवटी शून्य लावून द्यायचं. डॉक्टरांच्या स्क्रीनला वाटतं, पान पुरं झालं. पट्टी बंद. तक्रारी बंद. सगळ्यांसमोर माझं कौतुक झालं, वर्षअखेरीस बढती मिळाली. पुढच्या महिन्यापर्यंत मी त्या ओळी विसरूनही गेले होते.

आमच्या कामात एकच गोष्ट पवित्र मानायची असते. शून्य लिहायचा हक्क ज्याने पान लिहिलं त्याचा. मधल्याचा नाही. शिकाऊ माणसालाही हे कळतं. मलाही कळत होतं.

तुझं चौदा तारखेचं पत्र मिळालं त्या दुपारीच मी यंत्राचा लॉग उघडला. त्यात प्रत्येक पानाची नोंद असते. दहा मिनिटांत सापडलं. सतरा फेब्रुवारी, दुपारी चार वाजून बारा मिनिटं. डॉक्टरांनी रिपोर्ट उघडला. लॅबच्या सर्व्हरने नाव आणि तक्ता पाठवला आणि तो थांबला. तो तुझे फोटो आणत होता. तुमची फोटोंची डिस्क जुनी आहे, दुपारच्या गर्दीत फार वेळ घेते. दहा सेकंद झाले. प्रॉक्सीने शून्य लावलं. फोटो आणि शेरा त्यानंतर यायचे होते. तक्ता संपतो तिथेच पान कापलं गेलं, इतकं सुबक की कोणालाही पुरंच वाटावं. लॅबमध्ये तुम्ही थेट बघता, मधे आम्ही नसतो, म्हणून तुला नेहमी सगळं दिसलं.

याच्यातली सगळ्यात ओकारी आणणारी गोष्ट तुझ्या लक्षात आली का? फोटो तू कधी जोडतेस? काही सापडलं तरच. निरोगी माणसांचे रिपोर्ट हलके, ते पुरे पोचायचे. ज्यांच्यात दोष निघाला तेच अडकायचे, आणि तेच कापले जायचे. मी अकरा ओळींत आजारी माणसं निवडून काढणारी कात्री बनवली.

हे मला जवळजवळ चार आठवडे माहीत आहे. "नक्की काही नाही" हे मी तुला खोटं लिहिलं. ओळी मी त्याच दिवशी काढून टाकल्या, पण कोणालाच सांगितलं नाही. नोकरी जाईल, तुरुंगही होईल, असलं सगळं डोक्यात फिरत होतं. तू जिन्याखालून खोकं उचलत होतीस तेव्हा मी माझ्या टेबलाशी बसून काम करत होते. रोज डबा खात होते.

ओळी निघाल्यावर लाल पट्ट्या परत आल्या आणि परवा गुळगुळीतांनी बोलावलं. ते संत्रं सोलत होते. मी लॉगचा कागद पुढे ठेवला, सगळं सांगितलं. त्यांनी ओल्या बोटांनी तो उचलला.

"हे तर आपलंच काम आहे की. यात चूक कुठे आहे?"

"सर, माणूस मेलाय."

"मलेरियाने मेला ना?" फोड तोंडात टाकत म्हणाले. "आपण मलेरिया बनवत नाही."

त्यांनी बी थुंकली. ती कागदावर पडली, बरोबर त्या चार वाजून बारावर, आणि त्यांनी ती नखाने बाजूला सारली.

"ओळी परत घाल. आणि हे जुने लॉग कशाला ठेवलेत? जागा खातात. आजच साफ कर. तुझ्याच भल्यासाठी सांगतोय, त्यावर नाव तुझं आहे."

ते हसत होते मावशी. दातांत संत्र्याचा धागा अडकला होता. मी बाहेर येऊन बेसिनपाशी उभी राहिले. आरशात बघितलं तर मला त्यांच्याइतकीच माझीही किळस आली. तीन वर्षांपूर्वी मीही असंच हसले होते.

लॉग मी साफ केले नाहीत, त्यांची प्रत घेतली. लॉग फक्त नव्वद दिवसांचे राहतात. तेवढ्यात तुमच्या लॅबची सत्तेचाळीस पानं कापली गेली. त्याआधीची किती, ते आता कोणालाच कधी कळणार नाही.

समितीपुढे माझी लेखी साक्ष दे, सोबत जोडली आहे. आणि त्यांना सांग, सतरा तारखेचा बॅकअप उघडा. तुमच्या सर्व्हरची रोज संध्याकाळी आठला प्रत निघते. शेरा त्या दिवशी लिहिलेला होता की नाही ते त्यात दिसेल.

माफ कर असं लिहिणार होते, पण लिहवत नाही.

खारू

१६ एप्रिल

खारू,

पत्र परवा मिळालं. वाचून घडी घातली आणि भांडी घासायला घेतली. स्वच्छ होती तीही घासली.

माफीचं नंतर बघू. येईल की नाही ते मला आज सांगता येत नाही. तू लहान असताना खोटं बोललीस की तुझे कान लाल व्हायचे. मला वाटायचं, ही मुलगी जगात कशी टिकणार. टिकलीस की.

साक्षीचंही नंतर. तू सत्तेचाळीस लिहून खाली सही केलीस. ते सत्तेचाळीस आज कुठे आहेत? तुझ्या हातात यादी चार आठवडे होती. तुला माझी चौकशी दिसली, तुझी नोकरी दिसली, ते कसे दिसले नाहीत? मला याची शिसारी आली, त्या संत्रं खाणाऱ्याची नव्हे.

रिपोर्टांचे नंबर तू जोडलेस हे बरं केलंस. मी सुईला घरी बोलावलं. तिला म्हटलं, यात तुझीही नोकरी जाईल. ती म्हणाली, "नंबर वाचा." तिने लॅबमधून नावं आणि शेरे लिहून आणले आणि काल सकाळपासून मी फोनला बसले. एकेक डॉक्टर. "तुमच्याकडे अमुक नंबरचा रिपोर्ट आहे, त्याच्या खाली शेरा दिसतो का?" एक जण म्हणाला, तुम्ही कोण, प्रमुखांना फोन द्या. एकाने माझं बोलणं चालू असताना बाजूच्या कोणाशी तरी सुट्टीच्या गप्पा मारल्या. मी थांबले. मग पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

गवंडी सोडून उरले सेहेचाळीस. त्यातल्या तिसांचं काही बिघडलेलं नव्हतं. कोणी दुसऱ्या लॅबमध्ये जाऊन आलं होतं, कोणाचा शेरा किरकोळ होता. नऊ जणांना उशिरा का होईना, आता औषध सुरू होईल. सात जणांचा पत्ता लागलेला नाही, आज पुन्हा बसते. त्या नवांतली एक बाई शाळेत शिकवते, तिच्या थुंकीत क्षयाचे जंतू मी फेब्रुवारीच्या सुरुवातीला पाहिले होते. अडीच महिने ती खोकल्याचं औषध पीत वर्गात उभी राहते आहे. चाळीस मुलं समोर.

बाकीच्या लॅबच्या याद्याही तुझ्याकडेच असणार. त्या कोणाला पाठवल्यास?

मावशी

२४ एप्रिल

मावशी,

तू विचारेपर्यंत कोणालाच पाठवल्या नव्हत्या. तुझं पत्र वाचलं आणि त्याच दुपारी अठरा लॅबना आपापली यादी पाठवली. माझ्या नावाने, माझ्या सहीने, काय झालं आणि कोणी केलं ते लिहून. दोन तासांत माझं ओळखपत्र दाराला लागेनासं झालं.

दुसऱ्या दिवशी बोलावलं. गुळगुळीत, वकील आणि एक कागद. "माझ्या नजरचुकीने सदर ओळी यंत्रात राहून गेल्या." मला हसूच फुटलं. या सगळ्या लोकांकडे हा कागद छापील मिळतो का ग?

वकील म्हणाले, "सही करा, कंपनी तुमच्यावर काही करणार नाही."

मी म्हटलं, "नजरचूक नव्हती. नजर ठेवून केलेलं काम होतं. मला सांगितलं होतं आणि मी केलं. तसं लिहा, आत्ता सही करते. दोन नावं टाका."

गुळगुळीत छताकडे बघू लागले. "मी फक्त 'बघ' म्हणालो होतो," ते म्हणाले. खरं आहे. ते तेवढंच म्हणाले होते. आता बाहेर सांगताहेत की एका कर्मचारी महिलेने कोणालाही न विचारता हा उद्योग केला. ज्यांनी माझ्या बढतीच्या दिवशी टाळ्या वाजवल्या त्यांनी माझा नंबर ब्लॉक केलाय. चौकशी होईल, बोलावतील तेव्हा जाईन. सांगण्यासारखं सगळं लिहून ठेवलंय.

अठरांपैकी अकरा लॅबनी उत्तर दिलं. एकीने विचारलं, ही यादी गोपनीय ठेवता येईल का. मी नाही म्हणून कळवलं.

तुझ्या समितीचं काय झालं? आणि त्या शिक्षिकेचं?

खारू

२ मे

खारू,

शिक्षिकेचं औषध सुरू झालंय. तिच्या वर्गातल्या मुलांची तपासणी चालू आहे, तीन जणांचं नक्की व्हायचंय. सातांपैकी पाच सापडले. दोघे नाहीत. एकाचं घर बंद आहे. दुसरी म्हातारी मार्चमध्येच गेली. कशाने ते कोणी पाहिलं नाही.

समितीने बॅकअप उघडला. सतरा फेब्रुवारी, शेरा लिहिल्याची वेळ दुपारी तीन चाळीस. पाच माणसं स्क्रीनभोवती वाकून बघत होती. इस्त्री म्हणाला, "मी आधीपासून म्हणत होतो, बाई अशी चूक करणार नाहीत." माझ्या तोंडावर म्हणाला. हातही पुढे केला. मी माझे हात मागे घेतले आणि म्हटलं, "फोन बंद करण्याचा कागद कोणाच्या सहीचा आहे, तेही आता उघडा." त्यावर चहा आला आणि बैठक संपली. फोन मात्र परवापासून पुन्हा सुरू झाले. मला कामावर घेतलंय. त्या पोरी आता "मावशी, मावशी" करत मागे फिरतात. मी त्यांना काम सांगते, दुसरं बोलत नाही.

काल मी गवंड्याच्या घरी गेले. एकच खोली, भिंतीला त्याने स्वतः केलेला गिलावा, अगदी गुळगुळीत, एक ओरखडा नाही. मी तुझी साक्ष बरोबर नेली होती. तिला वाचून दाखवली. तुकडे, आकडे, शून्य, सगळं सावकाश सांगितलं. मला वाटलं होतं समजणार नाही. ती नवऱ्याबरोबर वीस घरांवर राबलेली बाई आहे, काम अर्धं आहे की पुरं ते तिला सांगावं लागत नाही.

तिने विचारलं, "म्हणजे पान संपलेलं नाही, हे मधल्या यंत्राला ठाऊक होतं?"

"ठाऊक होतं."

"आणि त्याने पुढे सांगितलं की संपलं."

"हो."

"यंत्राने?"

खारू, मी त्या वेळी नुसतं "हो" म्हणू शकले असते. तिचं समाधान झालं असतं, तू सुटली असतीस, मला चहा पिऊन घरी येता आलं असतं. जीभ वळलीसुद्धा होती. मग मला त्या जिभेचीच घाण वाटली.

"नाही," मी म्हटलं. "माझ्या बहिणीच्या मुलीने. तिने यंत्राला तसं शिकवलं होतं."

आतल्या कोपऱ्यात तिच्या दोन मुली पाटीवर काहीतरी काढत होत्या, त्या थांबल्या. मग तिने तुझं वय विचारलं. मी सांगितलं, चौतीस.

तिने साक्षीचे कागद नीट जुळवून माझ्या हातात परत दिले. "मला हे नको," म्हणाली. "तिला इथे येऊन सांगू दे. माझ्या समोर बसून. तोंडाने."

मी तुला न विचारता शब्द दिलाय. रविवारी सकाळी दहा वाजता. आदल्या दिवशी माझ्याकडे ये, अंथरूण घालून ठेवते. सकाळी मी तुझ्याबरोबर येईन, पण दारापर्यंतच. आत तू एकटी जायचंस.

मावशी